पांढरा अपोलो आणि उघडा माळ

मंडळी, युरोपच्या डोंगरांत अपोलो नावाचे पांढरे फुलपाखरू असते. पंखांवर काळे नि तांबडे ठिपके. स्वीडनच्या लिनियस पंडिताने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याचे अंडे हिवाळाभर टिकते. वसंतात अळी निघते, ती सेडमची मांसल पाने खाते. ही वनस्पती उन्हातल्या उघड्या खडकांवर वाढते.

पोलंडच्या पिएनिनी डोंगरात १९३२ सालीच राष्ट्रीय उद्यान झाले होते. तरी उतारांवर रान माजले, सेडम झाकोळले, आणि १९९०च्या सुमारास फुलपाखरे जेमतेम २०-३० उरली. मग १९९१ पासून अळ्या पाळल्या, झाडी काढून उतार मोकळे केले, तेव्हा त्यांची संख्या सावरली.

गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: झाड लावावे खरे, पण उघडा माळ हेही कुणाचे तरी घरच असते.