अस्वलाचा वस्तीतील शिरकाव

महाराष्ट्रात अंगणात, परसात किंवा शेतातल्या खोपटाजवळ येणारे अस्वल एकाच जातीचे असते : काळ्या, विस्कटलेल्या केसांचे, छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा फिकट पट्टा असलेले भारतीय अस्वल. मेळघाट, बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्याचा परिसर, तसेच चंद्रपूर, गडचिरोली व गोंदियाची जंगले यांच्या कडेच्या गावांना ते परिचित आहे. पूर्ण वाढलेला नर साधारणतः ८० ते १४५ किलो भरतो, मादी त्याहून लहान असते. वाळवीची वारुळे फोडणारी लांब नखे हेच त्याचे मुख्य हत्यार.

अस्वलाला माणसाची शिकार करायची नसते. ते वासामागे येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंगणात वाळत घातलेली मोहफुले, पुढे जांभळे, हिवाळ्यात बोरे, घराच्या वळचणीला लागलेले मधाचे पोळे, कुंपणाजवळची वारुळे, शेतातला मका व भुईमूग ही त्याची आमिषे. दिव्यातले तेल आणि प्रसादाचा नारळ यांसाठी ते देवळातही शिरते. पाणवठे आटले की विहीर आणि हौद यांची भर पडते. फिरणे मुख्यतः रात्री आणि झुंजूमुंजूच्या वेळी असते. मोहफुले वेचायला माणसेही नेमकी त्याच वेळी निघतात, त्यामुळे गाठ पडण्याचा संभव तेव्हा अधिक.

त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, पण नजर अधू असते. वारुळातली वाळवी ओढून खाण्यात गुंतलेल्या अस्वलाला जवळ आलेल्या माणसाची चाहूल उशिरा लागते आणि दचकून ते पळण्याऐवजी अंगावर येते. वाघाच्या सहवासात वाढलेल्या या प्राण्याला पळण्यापेक्षा उलटून धावणे फायद्याचे ठरले असावे, असे मानले जाते. पिलांना पाठीवर घेऊन फिरणारी मादी याहून धोकादायक. म्हणून अंतर राखणे आणि त्याला न दचकवणे ही दोन सूत्रे पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी आहेत.

अस्वल आवारात दिसले तर घरातल्यांनी घरातच थांबावे, मुलांना आत घ्यावे, दारे लावावीत आणि कुत्रा सोडू नये. चवताळलेल्या अस्वलापुढून कुत्रा पळतो तो मालकाकडेच. ज्या वाटेने अस्वल आले ती मोकळी ठेवली, की बहुधा ते आपणहून निघून जाते. वन विभागाला १९२६ या मदत क्रमांकावर किंवा स्थानिक वनरक्षकामार्फत कळवावे. अस्वल गोठ्यात किंवा खोलीत अडकले असेल, तर शक्य असल्यास बाहेरून दार लोटून घ्यावे आणि पुढचे काम पथकावर सोपवावे. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या अस्वलाला अनेकदा शिडी सोडून आणि माणसे दूर नेऊन बाहेर येऊ देता येते.

प्रत्यक्षात गोंधळ वाढतो तो गर्दीमुळे. मोबाइलवर चित्रण करणारे, दगड मारणारे आणि फटाके फोडणारे लोक चहूबाजूंनी घेरतात. प्राण्याची वाट बंद होते आणि जो समोर सापडेल त्याच्यावर तो झेपावतो. अशा वेळी पोलिसांनी जमाव हटवणे हे जाळ्याइतकेच, किंबहुना जाळ्याआधीचे, काम असते.

मोकळ्यावर अचानक गाठ पडल्यास पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावे. अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते आणि झाडावरही चढते, त्यामुळे पळणे किंवा झाडाचा आसरा दोन्ही व्यर्थ. हात पसरून आरडाओरडा करण्याचा सल्ला परदेशी चित्रफितींतून पसरला आहे. तो अमेरिकेतल्या काळ्या अस्वलासाठी आहे, इथे जवळून तसे करणे म्हणजे त्याला डिवचणे. अंगावर येतच असेल तर हातातली काठी आडवी धरून स्वतःत आणि त्याच्यात अंतर ठेवावे. खाली पाडलेच, तर पालथे पडून चेहरा जमिनीकडे दाबावा आणि दोन्ही हातांनी मान व डोके झाकावे, कारण वार बहुधा तोंडावर आणि डोक्यावर होतात. दोन मित्रांच्या शाळकरी गोष्टीतला मेल्याचे सोंग घेण्याचा उपाय या शेवटच्या क्षणापुरताच कामाचा आहे.

चावा किंवा ओरखडा लहान वाटला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. त्यानंतर रेबीज व धनुर्वात प्रतिबंधक उपचार विनाविलंब घ्यावेत. जोराचा रक्तस्राव असेल, तर मात्र आधी स्वच्छ कापडाने दाब देऊन तो थांबवावा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश आहे. त्याला मारणे, विष घालणे, फास लावणे हा गुन्हा आहे. जीव वाचवताना सद्‌हेतूने झालेल्या कृतीला मात्र कायदा अपवाद करतो. इजा, मृत्यू किंवा जनावरांची हानी झाल्यास शासकीय अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी घटना ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

मोहफुले बंद खोलीत साठवणे, खरकटे उघड्यावर न टाकणे, घराजवळची झुडपे साफ ठेवणे, विहिरींना कठडे बांधणे आणि अंधारात एकट्याने न जाता दिवा, काठी व बोलतीचालती सोबत घेणे, हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. काही भागांत काठीला घुंगरू किंवा घंटी बांधतात. तिच्या आवाजाने अस्वलाला आधीच चाहूल लागते आणि ते वाट बदलते.