व्यायाम कोणी करावा?

सातारा-सांगलीच्या मुलखात व्यायाम हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे तालीम उभी राहते. तांबडी माती, जोर-बैठका आणि घामाने निथळणारा धडधाकट गडी! कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीच्या बळावर. परंतु या गौरवशाली परंपरेत एक समजूत नकळत रुजलेली होती. व्यायाम हे सुदृढाचे भूषण. ज्याचे पाय गेले त्याने स्वस्थ पडून राहावे, आणि घरच्यांनी त्याला हलू न देणे हीच त्याची सेवा, अशी ती समजूत होय.

व्यायामाला तालमीबाहेर आणण्याचा मोठा प्रयत्न याच भागात झाला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा अविश्रांत प्रसार केला आणि आपल्या शाळांतून मुलामुलींना नमस्कारांची सवय लावली. नमस्काराला आखाडा नको, साधने नकोत, द्रव्य नको. त्यामुळे व्यायाम माजघरापर्यंत, स्त्रियांपर्यंत व वृद्धांपर्यंत पोहोचला. तथापि साष्टांग नमस्कारास आठही अंगांची साथ लागते. ज्याच्या पायांनी साथ सोडली, तो उंबरठ्याबाहेरच राहिला.

हा उंबरठा ओलांडला गेला तो एका सैनिकाकडून. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी पेठ-इस्लामपूरचा. त्या वेळी हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पेटकर सैन्यात दाखल झाले व तेथे मुष्टियोद्धे म्हणून पुढे आले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्यास इजा झाली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. वयाची एकवीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती.

अशा रोग्याचे पुढे काय होई, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कण्याची दुखापत स्वतः जीव घेत नसे, तेव्हा निश्चलता तो घेई. एकाच कुशीवर पडून अंगाला जखमा होत, मूत्रमार्गात जंतुदोष शिरे, आणि बहुतेक रोगी काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत दगावत. इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ पासून डॉक्टर लुडविग गुटमान यांनी हा क्रम उलटविला. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या या वैद्याने रोग्यांस ठराविक वेळी कूस बदलविली, बसते केले आणि हाती धनुष्य दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचा आरंभ झाला त्याच दिवशी, त्यांच्या अंगणात १६ अपंग सैनिकांनी तिरंदाजीचे सामने खेळले. पुढे त्यांतूनच पॅरालिंपिक स्पर्धा जन्मास आल्या.

पेटकरांचे उपचार मुंबईच्या नौदल रुग्णालयात चालले असता त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. त्यामागील तत्त्व साधे आहे. पाणी देहाचा भार उचलून धरते. जमिनीवर ओझे होणारे पाय पाण्यात ओझे राहत नाहीत. खांदे, दंड व छाती यांना भरपूर श्रम घडतात आणि श्वासाची शक्ती वाढते. १९६८ साली पेटकर तेल अवीवच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला आणि पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिकमध्ये भारतास वैयक्तिक सुवर्णपदक लाभले ते अभिनव बिंद्रा यांच्याकडून २००८ साली, म्हणजे ३६ वर्षांनंतर!

तरीही या पराक्रमाची ओळख देशास फार उशिरा पटली. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. पदकाची चाड सर्वांस असते. अपंग माणूस खेळतो, यावरच लोकांचा विश्वास बसत नव्हता. आता तो बसू लागला आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांचा डावा हात शाळकरी वयातील अपघाताने अधू झाला. त्यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतले. आटपाडी हा एके काळी औंध संस्थानचाच मुलूख. पंतप्रतिनिधींनी जो व्यायाम घराघरांत नेला, तो त्याच मुलखात अधू हातापर्यंत येऊन पोहोचला आहे.

पदके थोड्यांच्या वाट्यास येतात. खाट मात्र पुष्कळांच्या वाट्यास येते. अर्धांगाचा झटका आलेले वडील, गुडघे धरलेली आजी, अपघातात पाय गमावलेला तरुण भाऊ असे कोणी ना कोणी कित्येक घरांत असते, आणि माया त्यास म्हणते, 'तुम्ही उठू नका, आम्ही आहोत.' या मायेत खोट नाही, परंतु तिच्यात धोका आहे. वैद्याच्या सल्ल्याने खुर्चीत बसल्या बसल्या हात उचलणे, दीर्घ श्वास घेणे, दुसऱ्याच्या आधाराने सांधे हलविणे हाही व्यायामच होय. गेलेले अंग त्याने परत येईलच असे नाही. पण उरलेले अंग त्यामुळे आपल्या स्वाधीन राहते.