रेम्ब्रँट : व्यक्तिचित्रे आणि बायबलविषयक चित्रे

रेम्ब्रँट हार्मेन्सझोन व्हान राइन (१५ जुलै १६०६ – ४ ऑक्टोबर १६६९). सतराव्या शतकातील श्रेष्ठ डच चित्रकार व अम्लरेखनकार. जन्म नेदर्लंड्समधील लायडन येथे, पीठगिरणीवाल्याच्या घरी. लॅटिन शाळेत शिक्षण झाल्यावर १६२० मध्ये त्याचे नाव लायडन विद्यापीठात दाखल झाले; पण त्याचा ओढा चित्रकलेकडे होता. याकोब व्हान स्वानेनबुर्ख याच्याकडे सुमारे तीन वर्षे आणि नंतर ॲम्स्टरडॅममध्ये पीटर लास्टमन याच्याकडे सहा महिने त्याने उमेदवारी केली. प्रसंगाचे नाट्य कसे मांडावे, हे त्याने लास्टमनकडून घेतले.

व्यक्तिचित्रे आणि बायबलमधील प्रसंग हे रेम्ब्रँटच्या कलेचे दोन स्वतंत्र विभाग मानण्याचा प्रघात आहे. अभ्यासाच्या सोयीपुरता तो ठीक आहे. प्रत्यक्षात एकच दृष्टी दोन्हीकडे काम करते. समोर बसलेल्या व्यापाऱ्याच्या चेहऱ्यात तो एखादी कथा शोधतो आणि अब्राहाम किंवा याकोब रंगवताना जणू कोणी शेजारचा म्हातारा समोर बसला आहे, अशा बारकाईने पाहतो.

या चित्रांना तत्कालीन डच समाजाची पार्श्वभूमी आहे. कॅल्व्हिनपंथी चर्चमध्ये भिंतींवर धार्मिक चित्रांना स्थान नव्हते. त्यामुळे रोमन कॅथलिक देशांत मिळत तशी वेदीसाठीच्या भव्य चित्रांची कामे तेथील चित्रकारांना मिळत नसत. मात्र बायबल घरोघरी वाचले जाई आणि त्यातील प्रसंगांची चित्रे लोक हौसेने विकत घेत. म्हणजे ही चित्रे दिवाणखान्यात, रोजच्या वावरात, जवळून पाहिली जाणार होती. रेम्ब्रँटच्या धार्मिक चित्रांतला घरगुतीपणा समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

लायडनच्या काळातील ‘रुप्याची तीस नाणी परत करणारा यहूदा’ (१६२९) या चित्रात पश्चात्तापाने पिळवटलेला यहूदा इस्कार्योत गुडघे टेकून हात आवळतो आहे. कवी व राजपुत्र फ्रेडरिक हेन्ड्रिक याचा चिटणीस कॉन्स्टंटाइन हाउखेन्स याने या एका आकृतीची मुक्तकंठाने स्तुती केली. पुढे याच राजपुत्रासाठी रेम्ब्रँटने ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चित्रमालिका रंगवली. ती आता म्यूनिकमध्ये आहे. तिच्यातील ‘क्रूस उभारताना’ या चित्रात क्रूस उचलणाऱ्यांमध्ये निळी टोपी घातलेला तरुण दिसतो. तो स्वतः रेम्ब्रँट आहे. ख्रिस्ताच्या वधाला हातभार लावणाऱ्यांत स्वतःचा चेहरा ठेवणे, हे त्याच्या श्रद्धेचे मला सर्वांत प्रामाणिक रूप वाटते.

१६३१ च्या सुमारास तो ॲम्स्टरडॅमला आला आणि चित्रविक्रेता हेन्ड्रिक आउलेनबुर्ख याच्या मार्फत त्याला व्यक्तिचित्रांची कामे भराभर मिळू लागली. १६३४ मध्ये त्याने सास्किया आउलेनबुर्ख हिच्याशी विवाह केला. ‘डॉ. टल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ (१६३२) हे समूहचित्र त्याने ऐन पंचविशीत रंगवले. त्याआधी अशा चित्रांत मंडळी एका ओळीत मांडलेली असत. इथे शवाच्या उघड्या हाताभोवती सगळ्यांचे कुतूहल एकवटले आहे. १६३० नंतरची बायबलविषयक चित्रेही अशीच नाट्यपूर्ण आणि कधी क्रूर आहेत. ‘शमशोनाचे डोळे फोडताना’ (१६३६) हे चित्र आजही पाहवत नाही. ‘बेलशस्सराची मेजवानी’ या चित्रात भिंतीवर उमटलेली हिब्रू अक्षरे आडवी नव्हे, तर उभी लिहिली आहेत. राजाच्या पंडितांना ती का वाचता आली नाहीत, याचा असा उलगडा ॲम्स्टरडॅममधील यहुदी विद्वान मनश्शे बेन इस्राएल याने मांडला होता. रेम्ब्रँट यहुदी वस्तीजवळच राहत असे. तेथे त्याने १६३९ मध्ये १३,००० गिल्डरांना मोठे घर घेतले. या घराचे कर्ज त्याच्याकडून शेवटपर्यंत फिटले नाही.

१६४२ मध्ये सास्किया वारली. त्याच वर्षी ‘नाइट वॉच’ हे समूहचित्र पूर्ण झाले. यानंतर त्याची चित्रे हळूहळू शांत होत गेली. ‘अम्माऊस येथील भोजन’ (१६४८) यात चमत्काराचा गाजावाजा नाही. भाकरी मोडणारा एक थकलेला माणूस आहे आणि तो ख्रिस्त आहे, हे शिष्य नुकतेच ओळखू लागले आहेत. रेम्ब्रँटच्या मालमत्तेच्या १६५६ च्या यादीत प्रत्यक्ष माणसावरून काढलेल्या ख्रिस्ताच्या मस्तकाची नोंद सापडते. त्यासाठी त्याने शेजारच्या एखाद्या यहुदी तरुणाला समोर बसवले असावे, असे मानले जाते.

१६५४ हे वर्ष विशेष महत्त्वाचे. त्याच्यासोबत राहणाऱ्या हेन्ड्रिकये स्टोफेल्स हिला विवाहाविना सहवास केल्याबद्दल चर्चच्या मंडळाने बोलावून प्रभुभोजनापासून दूर ठेवले. त्याच वर्षी त्याने ‘बथशेबा’ रंगवली. दावीद राजाचे पत्र तिच्या हातात आहे. मूळ कथेत तिला आलेल्या अशा पत्राचा उल्लेख नाही, पण त्यामुळे राजाच्या वासनेऐवजी तिच्या मनातली घालमेल चित्राचा विषय होते. या चित्रासाठी हेन्ड्रिकये बसली असावी. याच वर्षीचे यान सिक्स याचे व्यक्तिचित्रही अजोड आहे : हातमोजा चढवत बाहेर निघालेला माणूस, कुंचल्याच्या मोजक्या रुंद फटकाऱ्यांत. ते अजूनही सिक्स घराण्याकडे आहे. सगळीच गिऱ्हाइके मात्र अशी समजदार नव्हती. दिएगो द आंद्रादा या व्यापाऱ्याने एका तरुणीचे चित्र तिच्यासारखे दिसत नाही, अशी तक्रार याच वर्षी केली. उरलेले पैसे मिळेपर्यंत चित्राला हात लावणार नाही, असे रेम्ब्रँटचे उत्तर होते.

१६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी ‘योसेफाच्या मुलांना याकोबाचा आशीर्वाद’ हे चित्र झाले. बायबलमध्ये धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर उजवा हात ठेवल्याबद्दल योसेफ बापाला अडवतो. इथे तो म्हाताऱ्याच्या हाताला नुसता आधार देतो आणि मूळ प्रसंगात नसलेली त्याची पत्नी आसनथ शेजारी उभी आहे. वाद काढून टाकून रेम्ब्रँटने एक कुटुंब उभे केले.

अखेरच्या दशकात रंगाचे थर जाड झाले आणि बारीक तपशील गळाले. ‘कापड-संघाचे पर्यवेक्षक’ (१६६२) यातील माणसांच्या जागा त्याने रंगवतानाच अनेकदा बदलल्या, हे क्ष-किरण तपासणीत दिसते. ‘यहुदी वधू’ म्हणून ओळखले जाणारे चित्र बहुधा इसहाक व रिबका यांचे आहे. पुरुषाच्या बाहीवर रंग जवळजवळ लिंपलेला आहे. ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ (सु. १६६८) यात मुलाचा चेहरा जवळपास दिसतच नाही. मुंडण केलेले डोके, झिजलेला जोडा, उघडा तळवा आणि त्याच्या पाठीवर ठेवलेले बापाचे दोन हात यांवर सारे चित्र तोलले आहे. चेहऱ्यांचा एवढा मोठा चित्रकार इथे चेहऱ्याची मदत घेत नाही.

त्याने सुमारे चाळीस आत्मचित्रे रंगवली, अम्लरेखने वेगळी. १६६१ च्या एका आत्मचित्रात त्याने स्वतःला प्रेषित पौलाच्या रूपात दाखवले आहे. त्याच्या कार्यशाळेत खेरिट डाऊ, फर्डिनांड बोल, कारेल फाब्रिटियस असे समर्थ शिष्य घडले. त्यांची कित्येक चित्रे पुढे गुरूच्या नावावर जमा झाली. त्याची स्वतःची चित्रे कोणती, याची छाननी १९६८ पासून डच अभ्यासकांच्या एका प्रकल्पाने पद्धतशीर केली. बर्लिनमधील लोकप्रिय ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस’ हे चित्रही आता त्याचे मानले जात नाही.

भारतीय वाचकासाठी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. १६५६ ते १६६१ च्या सुमारास रेम्ब्रँटने मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. जहांगीर, शाहजहान यांच्या प्रतिमा त्यांत आहेत. झाडाखाली बसलेल्या चार मुल्लांचे रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे आणि त्याचा थेट उपयोग त्याने ‘अब्राहाम देवदूतांचे आतिथ्य करताना’ (१६५६) या अम्लरेखनात केला. युरोपीय चित्रपरंपरेत या पाहुण्यांना बहुधा मेजाभोवती बसवत. रेम्ब्रँटने त्यांना घराच्या दारापुढे, जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर बसवले.