ऑनलाइन बैठकांतील कोरियन वाक्प्रयोग

ऑनलाइन बैठकांतील कोरियन वाक्प्रयोग म्हणजे दक्षिण कोरियातील सहकाऱ्यांशी दूरस्थ बैठकीत वापरले जाणारे औपचारिक शब्दसमूह होत. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात विळे-भागाड येथे पॉस्को या कोरियन कंपनीचा पोलाद प्रकल्प आहे. पुणे जिल्ह्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे.

कोरियन वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि आदर मुख्यतः त्याच्या प्रत्ययातून व्यक्त होतो. 'सोरिगा आन दुल्ल्योयो' (आवाज ऐकू येत नाही) यातील अखेरचा 'यो' गळला, तर वरिष्ठांना ते एकेरी बोलणे वाटते. 'दाशी हानबन माल्सुमहे जुसेयो' म्हणजे 'कृपया पुन्हा एकदा सांगावे'. स्क्रीन दाखवण्यापूर्वी 'ह्वाम्योन गोंग्युहागेस्सुम्निदा' म्हणतात. समोरच्यास सर्वनामाने संबोधणे टाळले जाते. आडनाव व हुद्द्यापुढे 'साहेब'सारखा 'निम' लावतात, उदा. 'किम बुजांगनिम' (विभागप्रमुख किम साहेब).

'ने' या शब्दाचा मराठी श्रोत्यास हमखास चकवा बसतो. त्याचा अर्थ 'हो' असला, तरी अनेकदा तो केवळ ऐकत असल्याचा हुंकार असतो. ती मंजुरी समजून इतिवृत्तात निर्णय नोंदवल्यास पुढे वाद उद्भवू शकतो. मंजुरीसाठी वेगळा, स्पष्ट प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरते.

सोलची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने पनवेलमधील सकाळी ९ ची बैठक तिकडे १२.३० वाजता, ऐन जेवणाच्या सुटीत येते. समारोपाला 'सुगोहाश्योस्सुम्निदा' (आपण श्रम घेतलेत) म्हणण्याचा प्रघात आहे.