कष्टकरी लोकगायक, कोल्हापूर परिसरातील

शेती, मेंढपाळी, बलुतेदारी व मजुरी यांवर उदरनिर्वाह करून गायन-वादनाची परंपरा सांभाळणाऱ्या कलावंतांचा वर्ग. यांतील बहुतेकांच्या बाबतीत गाणे हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. ते श्रमाचे, देवकार्याचे किंवा गावकीच्या सेवेचे एक अंग होते. त्यामुळे त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली आणि कामाची पद्धत बदलताच त्यांच्या गाण्यालाही उतरती कळा लागली.

कोल्हापूर शहरालगत पंचगंगेच्या काठी वसलेले कसबा बावडा हे या परिसराचे प्रातिनिधिक गाव मानता येईल. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला. पंचगंगेच्या पुराची पातळी ज्यावर मोजली जाते तो राजाराम बंधारा व छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना ही या गावाची आणखी दोन ठळक स्थाने होत. नदीकाठची काळी जमीन, ऊस, गुळाची गुऱ्हाळे आणि पुढे कारखाना अशा क्रमाने येथील श्रमजीवन घडत गेले.

श्रमगीते : विहिरीवरील मोट हे पूर्वी शेतीच्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख साधन होते. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, तेव्हा नाड्याला बांधलेली भरलेली चामडी मोट वर येई व सोंदूर ओढताच थारोळ्यात रिती होई. नंतर बैलांना मागे सारून मोट पुन्हा विहिरीत सोडली जाई. ही खेप दिवसभर शेकडो वेळा होत असल्याने मोटकऱ्याच्या गाण्याचा ताल खेपेच्या गतीशी बांधलेला असे. बैलांना चुचकारण्याचे शब्द आणि गाण्याचे बोल यांत स्पष्ट सीमारेषा नसे. पिकाच्या कापणीच्या वेळी म्हटले जाणारे भलरी गीत सामूहिक असते. एकाने ओळ म्हणावयाची व पात धरलेल्या इतरांनी तिला साथ द्यावयाची, अशी त्याची रीत होती. एकमेकांच्या बरोबरीने काम पुढे नेणे आणि शीण विसरणे हे दोन्ही हेतू त्यातून साधत.

जात्यावरच्या ओव्या ही स्त्रियांची निर्मिती होय. पहाटे दळताना रचलेल्या या ओव्यांत माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा यांच्याबरोबरच सासरचा जाच व दारिद्र्य यांविषयीचे बोलही येतात. घरात उघडपणे जे बोलता येत नसे, ते जात्याशी बोलता येई. या दृष्टीने ओवी हे ग्रामीण स्त्रीच्या अनुभवाचे एक अस्सल साधन ठरते.

देवकार्य व गावकी : हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाची यात्रा धनगर समाजाच्या ढोलवादनासाठी व गजनृत्यासाठी प्रसिद्ध आहे. धनगरी ओवीत गायिलेला भाग व गद्य निवेदन आलटून-पालटून येतात. देवांच्या कथांमधून मेंढपाळांची भटकंती, चराऊ राने व शेतकऱ्यांशी असलेले संबंध यांची स्मृती जतन झाली आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–९२) यांनी या ओव्यांचे संकलन करून त्यांचे महत्त्व जगाच्या नजरेस आणले.

हलगी हे या भागातील सर्वांत परिचित चर्मवाद्य. घुमके व कैताळ यांच्या साथीने ते यात्रा, मिरवणुका व कुस्त्यांच्या मैदानात वाजते. कुस्ती रंगात आली, की हलगीची लयही चढत जाते. मात्र हे वादन प्रामुख्याने मातंग व अन्य दलित समाजांकडे असल्याने ते दीर्घकाळ कला म्हणून नव्हे, तर गावकीची सेवा म्हणून गणले गेले. तिचा मोबदला धान्याच्या रूपात मिळे आणि वादकाची जागा मात्र वेशीबाहेर राही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. तिच्यामागे अशा वंशपरंपरागत सेवेच्या बंधनातून माणसाला मोकळे करण्याची दृष्टी होती. कला टिकविणे व तिला चिकटलेले दास्य नाहीसे करणे, हे दोन्ही प्रश्न येथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

शाहिरी : मराठी शाहिरीचा कष्टकरी जातिव्यवसायांशी असलेला संबंध जुना आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील होनाजी हा गवळी, सगनभाऊ हा शिकलगार व परशराम हा शिंपी होता. कोल्हापूर भागात कलगी व तुरा या दोन पक्षांतील भेदिक शाहिरीचे फड रंगत; त्यांत शक्तिश्रेष्ठत्व व शिवश्रेष्ठत्व यांविषयीचे सवाल-जबाब डफ-तुणतुण्याच्या साथीवर होत. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध करून या प्रकाराला सामाजिक विचाराची जोड दिली. कोल्हापुरात १९११ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. सत्यशोधकी जलशांनी हा विचार तमाशाच्या परिचित घाटातून खेडोपाडी पोहोचविला. विसाव्या शतकात कोल्हापूरचे लहरी हैदर व पिराजीराव सरनाईक यांनी पोवाड्याला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. शेजारच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) हे पोटासाठी मुंबईस गेले व गिरणी कामगार झाले. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांचा वाटा मोठा होता.

स्थित्यंतर : विजेचे पंप आल्यावर मोट थांबली, पिठाच्या गिरणीने जाते बाजूस सारले. श्रमगीत हे श्रमाच्या लयीवरच उभे असल्याने ती लय तुटताच गाण्याचे प्रयोजन संपले. जगात इतरत्रही असेच घडले आहे. शिडाची जहाजे गेल्यावर खलाशांची दोर ओढण्याची गाणी मागे पडली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मात्र १९२४ मध्ये शिकागोच्या नभोवाणी केंद्रावरून ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातून शेतकरी वस्त्यांतील गायन-वादनाला नवा श्रोता व उपजीविकेचे साधन लाभले. महाराष्ट्रात नभोवाणी व चित्रपट यांनी पोवाडा व लावणी यांना असा आधार दिला; भलरी किंवा मोटेचे गाणे यांच्या वाट्याला तो फारसा आला नाही, कारण व्यासपीठावर त्याला गायक मिळाला, तरी बैल आणि विहीर मिळाली नाही.

संकलनाच्या क्षेत्रात महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समिती व तिच्या अध्यक्षा सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांचे कार्य पायाभूत आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे, की ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या स्त्रीचे व तिच्या गावाचे नावही नोंदविले गेले. ज्यांचे गाणे लोकांचे म्हणून सर्वांनी घेतले, पण ज्यांची नावे कोणी विचारली नाहीत, अशा गायकांच्या बाबतीत ही नोंद संगीताइतकीच मोलाची आहे.