सहा आठवड्यांनी या

पित्ताशयाला सूज आलेला रुग्ण आला की आमचं ठरलेलं असायचं. सलाईन, अँटिबायोटिक, दोन-तीन दिवस तोंडाने काही नाही. ताप उतरला की डिस्चार्ज, आणि कार्डावर शेरा : सहा आठवड्यांनी ऑपरेशनसाठी यावे. सांगलीकडे मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा दुर्बिणीचं ऑपरेशन नवं होतं. हा शेरा मात्र पूर्वापार चालत आल्यासारखा सगळे लिहायचे.

पूर्वापार कसला! कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं. पुढची शंभर वर्षं पोट उघडूनच हे काम चाललं. आधी सूज उतरू द्यावी की लगेच काढावं, हा वाद त्या काळातही झाला आणि बराचसा मिटलाही. १९७० ते १९८३ या काळात स्वीडन आणि फिनलंडमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या गेल्या. लवकर काढल्याने धोका वाढत नव्हता आणि रुग्णाचे हॉस्पिटलातले दिवस वाचत होते.

मग दुर्बीण आली. १२ सप्टेंबर १९८५ ला जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये एरिश म्यूहे यांनी स्वतः बनवून घेतलेल्या उपकरणाने पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी सर्जनांच्या परिषदेत त्यांची टवाळी झाली. एका रुग्णाच्या मृत्यूवरून खटलाही चालला, आणि १९९० मध्ये ते निर्दोष सुटले. टवाळी करणाऱ्या त्याच सर्जन मंडळींच्या संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा सन्मान केला. आमच्या धंद्यात हे चालायचंच. इकडे मुंबईत जे. जे. मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी तिच्यातून भारतातलं पहिलं पित्ताशय काढलं.

पण दुर्बिणीने आमच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली : बोटांची जाण. उघड्या पोटात सुजलेल्या जागेतही बोट फिरवून वाट काढता यायची. आता सपाट पडदा आणि लांब काठ्या. फुगलेलं पित्ताशय चिमट्यात धरवत नाही, आणि मुख्य पित्तनलिका कापली गेली तर माणसाचं आयुष्य नासतं. त्या भीतीने तीव्र सूज म्हणजे दुर्बीण नको, असं ठरलं, आणि मिटलेला वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सहा आठवडे परतले ते असे.

खरं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज सर्जनला मदतच करते. थरांमध्ये पाणी भरलेलं असतं. सक्शनच्या टोकाने ढकललं तरी ते सुटे होतात. पुढे तिथे नव्या रक्तवाहिन्या माजतात, सगळं एकमेकांना चिकटतं आणि वाटेल तिथून रक्त येतं. दुखणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत काढायचं, हा नियम यातून आला. दुर्बिणीने लवकर काढावं की थांबावं, हे १९९८ मध्ये हाँगकाँगच्या सर्जनांनी तपासून छापलं. थांबवून ठेवलेल्या ४१ रुग्णांपैकी ८ जणांना थांबता आलंच नाही. ताप हटेना किंवा पोटात सूज पसरायला लागली, म्हणून त्यांना तातडीने टेबलावर घ्यावं लागलं. लवकर ऑपरेशन झालेले एकूण ६ दिवस हॉस्पिटलात राहिले, थांबलेले ११ दिवस.

तरी सवय जाईना. रात्रीचं थिएटर, अनुभवी हात, भूलतज्ज्ञ हे सगळं एका वेळी जुळवण्यापेक्षा तारीख देणं सोपं होतं. माझ्या मते ही अडचण शास्त्रापेक्षा मोठी होती. २०१३ मध्ये ६१८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. भरती झाल्यापासून २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत त्रास उद्भवला ११.८ टक्क्यांना, आधी औषधं देऊन नंतर ऑपरेशन ठरवलेल्यांत ३४.४ टक्क्यांना. यावर बोलायला फारसं काही उरलं नाही.

आमच्याकडे मात्र रुग्ण मुळातच उशिरा येतो. पहिले दोन दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या आणि ओव्यात जातात, तिसरा सोनोग्राफीत. अशांचं काय? स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सर्जनांनी दुखणं ७२ तासांपुढे गेलेलेच ८६ रुग्ण घेतले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. तिथेही लगेच काढणंच सरस ठरलं. अर्थात अशा ऑपरेशनला हात मुरलेला लागतो, आणि नलिकेजवळ नीट दिसत नसेल तर पित्ताशयाचा थोडा भाग तिथेच ठेवून बाहेर पडण्याची तयारीही.

रेसिडेंट केस सांगायला लागला की मी आधी विचारतो, दुखायला कधी लागलं? तो केसपेपर बघून भरतीची तारीख सांगतो. मग मी त्याला परत रुग्णाकडे पाठवतो.