शे स्टेडियम, १५ ऑगस्ट १९६५: न ऐकलेल्या गाण्यांची आठवण

प्रस्तावना

१५ ऑगस्ट ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. या व्याख्यानात आपण त्याच तारखेच्या, पण १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका कार्यक्रमाचा विचार करणार आहोत. त्या रविवारी संध्याकाळी क्वीन्स भागातील शे स्टेडियममध्ये 'द बीटल्स' या इंग्लिश बँडने सुमारे अर्धा तास गाणी सादर केली. श्रोते होते ५५,६००. त्यांतले बहुतेक तेव्हा शाळकरी वयाचे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहेत आणि त्या संध्याकाळविषयी अजूनही बोलतात, लिहितात.

त्यांच्या आठवणींत दोन विधाने पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले, गाणी जवळजवळ ऐकूच आली नाहीत. दुसरे, ती आयुष्यातली एक विलक्षण आनंदाची संध्याकाळ होती.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. डेसिबल हे एकक शिकवताना शे स्टेडियमचे उदाहरण घेण्याची माझी जुनी सवय आहे. पहिले विधान फळ्यावर चार ओळींत सिद्ध होते. दुसरे मात्र आकडेमोडीत बसत नाही, म्हणून बरीच वर्षे मी ते सोडून देत असे. ही चूक होती असे आता वाटते. आठवण हे इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय असते, ती कुठे चुकते आणि चुकूनही काय सांगते, हा आजचा विषय आहे.

१. घटना

शे स्टेडियम हे न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे मैदान. ते १९६४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी जेमतेम दीड वर्षाचे होते. आयोजक होते सिड बर्नस्टीन आणि बँडचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन. एवढे मोठे मैदान भरेल का, अशी एपस्टीन यांना शंका होती. तेव्हा रिकाम्या राहणाऱ्या प्रत्येक खुर्चीमागे १० डॉलर देण्याची तयारी आपण दाखवली, असे बर्नस्टीन पुढे सांगत. तिकिटे साडेचार ते ५ डॉलर ६५ सेंटपर्यंत होती आणि ती सगळी विकली गेली. एकूण जमा सुमारे ३ लाख ४ हजार डॉलर झाली.

बँडला हेलिकॉप्टरने थेट मैदानात उतरवण्याची कल्पना होती, पण परवानगी मिळाली नाही. मग शेजारी भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील एका इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरले आणि तिथून चौघांना रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीतून आणले गेले. रंगमंच मैदानाच्या मध्यभागाजवळ, बेसबॉलच्या दुसऱ्या तळापाशी होता. प्रेक्षकांना मैदानात प्रवेश नव्हता, सगळे भोवतालच्या गॅलऱ्यांत बसले होते. आजच्या स्टेडियम कार्यक्रमांत रंगमंचाच्या अगदी समोर गर्दी उभी असते आणि दोन्ही बाजूंना प्रचंड पडदे असतात. तेव्हा यांतले काहीच नव्हते. वरच्या गॅलरीतून चौघे बोटाएवढे दिसत असणार.

बारा गाणी झाली. शेवटच्या 'आय एम डाउन' या गाण्यात जॉन लेनन कोपराने ऑर्गन वाजवताना दिसतो. त्यानंतर चौघे गाडीत बसून निघून गेले.

२. गाणी का ऐकू आली नाहीत?

'आम्हाला ऐकू आले नाही' ही आठवण अतिशयोक्ती आहे का, हे आपण तपासू शकतो.

त्या दौऱ्यासाठी व्हॉक्स कंपनीने १०० वॅटचे गिटार ॲम्प्लिफायर दिले होते. त्या काळी हे मोठे आकडे मानले जात. गायनाचा आवाज मैदानाच्या कडेने उभे केलेले स्तंभासारखे लाउडस्पीकर आणि स्टेडियमची घोषणांसाठी असलेली यंत्रणा यांतून येत होता. 'आता फलंदाजीला अमुक' हे सांगण्यासाठी बसवलेल्या कर्ण्यांकडून संगीताची अपेक्षा केली गेली होती.

आता दोन नियम लक्षात घ्या. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. आणि पातळी १० डेसिबलने वाढवायची तर शक्ती दहापट करावी लागते. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरा की लाउडस्पीकर श्रोत्यापासून ६४ मीटरवर आहे आणि शेजारी ओरडणारी मैत्रीण १ मीटरवर. १ पासून ६४ पर्यंत अंतर सहा वेळा दुप्पट होते, म्हणजे ३६ डेसिबलची घट. तीव्रतेच्या भाषेत हा फरक सुमारे ४,००० पट आहे. म्हणजे नुसत्या अंतरामुळे मैत्रिणीला लाउडस्पीकरवर ४,००० पटींची आघाडी मिळाली. त्यात अशा मैत्रिणी डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे. शिवाय किंचाळीची बरीच ऊर्जा ज्या कंप्रतांना आपला कान सर्वाधिक संवेदनशील असतो तिथेच असते, त्यामुळे ती गायकाचे शब्द झाकून टाकते.

१०० वॅटऐवजी १,००० वॅट वापरले असते तरी फक्त १० डेसिबल पदरात पडले असते. तेव्हा चाहत्यांची पहिली आठवण भौतिकशास्त्राला धरून आहे. पुढे १९७४ मध्ये 'ग्रेटफुल डेड' या बँडने सुमारे २६ हजार वॅटची यंत्रणा दौऱ्यावर नेली. स्टेडियममध्ये संगीत पोहोचवायला काय लागते, हे उमगायला एवढा काळ गेला.

३. चित्रफीत खरी की आठवण?

कोणी म्हणेल, आठवणींवर कशाला विसंबायचे? कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले आहे, ते पाहावे. 'द बीटल्स ॲट शे स्टेडियम' हा माहितीपट १ मार्च १९६६ रोजी बीबीसीने दाखवला. त्यात कानांवर हात ठेवलेले पोलीस दिसतात, रडणाऱ्या मुली दिसतात, आणि गाणी बऱ्यापैकी स्पष्ट ऐकू येतात.

इथे सावध व्हायला हवे. मूळ ध्वनिमुद्रण प्रसारणाच्या दर्जाचे नव्हते. म्हणून ५ जानेवारी १९६६ रोजी चौघे लंडनच्या सीटीएस स्टुडिओत गेले आणि चित्राला जुळवून काही भाग पुन्हा वाजवले. 'आय फील फाइन' आणि 'हेल्प!' ही गाणी नव्याने मुद्रित केली गेली. 'ॲक्ट नॅचरली'साठी तर चक्क बाजारात असलेल्या रेकॉर्डचाच आवाज जोडला गेला.

म्हणजे ज्याला आपण पक्का पुरावा समजतो, त्यात साडेचार महिन्यांनंतरचा लंडनचा आवाज मिसळलेला आहे. 'मला काही ऐकू आले नाही' असे सांगणारी बाई या बाबतीत चित्रफितीपेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरते. लिखित वा यांत्रिक साधन नेहमीच आठवणीपेक्षा श्रेष्ठ, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

४. आठवण कुठे चुकते?

याचा अर्थ आठवण निर्दोष असते असा नाही. तीन प्रकारच्या चुका पाहू.

पहिली चूक 'सर्वप्रथम' म्हणण्याची. शे स्टेडियमला अनेक जण जगातला पहिला स्टेडियम रॉक कार्यक्रम म्हणतात. पण एल्विस प्रिस्ली १९५६ मध्येच डॅलसच्या कॉटन बोल स्टेडियममध्ये सुमारे २६ हजार लोकांसमोर गायला होता, आणि खुद्द बीटल्सने १९६४ मध्ये कॅन्सस सिटीच्या स्टेडियममध्ये कार्यक्रम केला होता. शेचा मान गर्दीच्या आकड्याचा होता. तो आकडा १९७३ मध्ये टॅम्पा येथे लेड झेपेलिनच्या ५६,८०० श्रोत्यांनी ओलांडला.

दुसरी चूक मिसळीची. गॅलरीत बसलेल्या कोणी लेननच्या कपाळावरचा घाम वर्णन करून सांगितला, तर तो तपशील बहुधा नंतर पाहिलेल्या चित्रफितीतून आला असावा. सांगणारा खोटे बोलत नसतो. पाहिलेले आणि नंतर दाखवले गेलेले यांतली सीमा साठ वर्षांत पुसट होते.

तिसरी चूक गाळण्याची. बीटल्स २३ ऑगस्ट १९६६ रोजी शे स्टेडियममध्ये पुन्हा आले. त्या वेळी सुमारे ११ हजार जागा रिकाम्या राहिल्या. ही संध्याकाळ क्वचितच कोणी आठवून सांगते. स्मरणरंजन शिखर जपते, उतार विसरते.

अशा चुकांचे काय करायचे? इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावातील कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला होता. पण अनेकांनी तो १९५३ च्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यात गेला असे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक फेकून दिली नाही. लोकांनी मृत्यू अशा जागी नेऊन ठेवला जिथे त्याला त्यांच्या लेखी अर्थ होता, असे त्यांनी दाखवले. चूक कुठे आहे हे आधी कागदपत्रांवरून ठरवायचे, आणि मग ती का झाली हे विचारायचे, अशी ही पद्धत आहे.

५. ओरडणाऱ्या मुली

आता दुसऱ्या विधानाकडे येऊ. गाणी ऐकू आली नाहीत, तर आनंद कशाचा?

त्या काळच्या अनेक वार्ताहरांनी आणि मोठ्या माणसांनी याचे उत्तर एका शब्दात दिले: उन्माद. गर्दीत मुली मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांचे ओरडणे हा थट्टेचा विषय झाला. बार्बरा एरेनराइक आणि त्यांच्या दोन सहलेखिकांनी १९८६ मध्ये याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. चांगल्या मुलीने शांत, नीटनेटके, आवरून राहावे अशी अपेक्षा असलेल्या समाजात हजारो मुलींनी एकत्र येऊन स्वतःला मोकळे सोडणे हे एक प्रकारचे बंड होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मुलींच्या जुन्या आठवणी या दृष्टीने वाचल्या की 'ऐकू आले नाही' ही तक्रार उरत नाही. त्या ऐकायला गेल्याच नव्हत्या, असे म्हणता येईल. त्या ऐकवायला गेल्या होत्या.

अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांची आठवण आणखी एक बाजू दाखवते. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. कुठे जायचे आहे हे न सांगता आईने त्यांना बाहेर काढले आणि स्टेडियमपाशी पोहोचल्यावर तिकिटे दाखवली. रॉन हॉवर्ड यांच्या २०१६ च्या माहितीपटात त्या हे सांगतात. बीटल्सकडे आपण गोरी मुले म्हणून कधी पाहिलेच नाही आणि आपण जशा आहोत तशा चालतील ही भावना त्यांच्यामुळे मिळाली, असेही त्या म्हणतात. एका कृष्णवर्णीय मुलीची ही आठवण एकटी उभी नाही. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॅक्सनव्हिल येथे वंशानुसार प्रेक्षक वेगळे बसवणार असाल तर गाणार नाही, अशी भूमिका बीटल्सने घेतली होती. इथे कागद आणि आठवण एकमेकांना आधार देतात.

६. रंगमंचावरून

इतिहास लिहिताना समोरच्या बाजूलाही विचारावे लागते. रंगमंचावर वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर नव्हते. सोबत्यांच्या हालचाली पाठीमागून पाहून गाणे कुठवर आले हे ओळखावे लागे, असे ढोलवादक रिंगो स्टार यांनी नंतर सांगितले. श्रोत्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम अर्धा तास वादकांसाठी हळूहळू न ऐकता वाजवण्याचे काम बनत होता.

पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात धमक्या आणि वाद यांची भर पडली. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कमध्ये त्यांनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला. तिकिटे विकली गेली सुमारे २५ हजार. पॉल मॅकार्टनी यांच्या सांगण्यावरून प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांनी तो छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला. 'लाँग टॉल सॅली' हे शेवटचे गाणे चालू असतानाच टेप संपली. त्या गाण्याचा उरलेला भाग या टेपवर नाही. तो कसा होता हे विचारायचे तर तिथे हजर असलेल्या माणसालाच विचारावे लागेल.

समारोप

शे स्टेडियमवर शेवटचे संगीत कार्यक्रम जुलै २००८ मध्ये बिली जोएल यांचे झाले. त्यांत मॅकार्टनी पाहुणे म्हणून आले. त्यानंतर स्टेडियम पाडण्यात आले. आता जागा नाही, मूळ आवाज भेसळीशिवाय मिळणे अवघड आहे, आणि साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.

तिकिटांचा हिशेब किती लोक आले ते सांगतो. ध्वनीचे गणित त्यांना काय ऐकू आले नाही ते सांगते. ते तरीही का आले आणि साठ वर्षे काय घेऊन राहिले, हे फक्त त्यांनाच सांगता येते. यातले एक साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. माझ्या वर्गात मी आता डेसिबलचे गणित झाल्यावर थांबत नाही, दुसऱ्या विधानासाठी दहा मिनिटे राखून ठेवतो. मुले त्याच दहा मिनिटांत सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.

विचारासाठी प्रश्न

१. एका श्रोत्यापासून लाउडस्पीकर ३२ मीटरवर आणि ओरडणारी व्यक्ती २ मीटरवर असेल, तर केवळ अंतरामुळे किती डेसिबलचा फरक पडेल?

२. शे स्टेडियमच्या माहितीपटाला प्राथमिक साधन म्हणता येईल का? कोणत्या अटींवर?

३. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तिने पाहिलेल्या मोठ्या कार्यक्रमाविषयी, नाटकाविषयी किंवा सभेविषयी विचारा आणि सांगितलेले शब्दशः लिहून घ्या. मग त्या काळच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा. कोणते तपशील जुळतात, कोणते जुळत नाहीत, आणि न जुळणारे तपशील त्या व्यक्तीने तसे का जपले असावेत, यावर ३०० शब्दांत टिपण लिहा.